बेचाळीस तारांचा हिशेब
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या महाविद्यालयात यंदा २ ऑक्टोबरपासून ३० जानेवारीपर्यंत सामुदायिक सूतकताई झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. जे त्या वाटेला फिरकले नाहीत त्यांनीही ग्रंथालयाबाहेरचा तो काळा फलक जाता-येता पाहिला असेल. डावीकडे बावीस नावे, त्यांच्यासमोर दर शनिवारी बदलणारे आकडे, आणि वर रंगीत खडूने लिहिलेले : 'प्रत्येकी किमान चार गुंड्या!' त्या उद्गारचिन्हासकट तो सारा फलक माझ्या अक्षरातला आहे. उपक्रमाचा चिटणीस मीच होतो.

समारोपाच्या दिवशी भाषणे झाली. उपक्रम यशस्वी झाला असे सर्व वक्त्यांनी सांगितले. एकूण ४१ गुंड्या सूत निघाले, आणि ज्या गावात कापसाचे बोंड पाहायचे तर पाव्हण्यांच्या गावी जावे लागते त्या उसाच्या गावात एवढे सूत निघाले हे थोडे नव्हे. पण बावीसपैकी सात जणांनी चार गुंड्या पुऱ्या केल्या, सहा जण रडतखडत शेवटपर्यंत टिकले आणि नऊ जण मध्येच सोडून गेले, हा हिशेब कोणी सांगितला नाही. तो सांगणे चिटणीस म्हणून माझे काम होते. माझी जीभ उचलली नाही, कारण त्या हिशेबात माझाही एक खोटा आकडा होता. म्हणून जे त्या दिवशी बोलायचे ते येथे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सामुदायिक सूतकताईत सर्वांनी एकत्र बसावे, एकमेकांचे तुटलेले धागे जोडावेत, हे सर्व योग्य. परंतु किती कातायचे आणि कसे कातायचे हा संकल्प ज्याचा त्याने स्वतःचा करावा. बावीस माणसांना एकच माप लावले की बावीसपैकी काहींना ते सैल होते, काहींना घट्ट होते, आणि ज्यांना घट्ट होते ते सदरा फाटण्यापूर्वी काढून ठेवतात.

ज्यांनी टकळी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कातलेले सूत फाळक्यावर गुंडाळतात. फाळक्याचा एक वेढा म्हणजे एक तार, चार फुटांचा. असे १६० तार झाले की एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. वारांत मोजायचे तर गुंडी ८५३ वारांची भरते. साधारणपणे एका पौंडात जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. सूत जितके बारीक तितका अंक मोठा. आमच्या फलकावर फक्त तार लिहिले जात. अंक, पीळ, कस, समानता यांना फलकावर रकानाच नव्हता. हा रकाना का नव्हता, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की तार मोजायला सोपे आणि फलकावर लिहायलाही सोपे.

आता माझा संकल्प ऐका. समितीने प्रत्येकी चार गुंड्या ठरवल्यावर चिटणिसाने चारच म्हणणे मला कमीपणाचे वाटले. मी आठ जाहीर केल्या. त्याला एक निमित्तही शोधून काढले. आजोबा वारकरी. त्यांच्यासाठी माझ्या हातच्या सुताचे एक उपरणे विणून घ्यायचे, दोन वार लांब आणि वारभर रुंद. इंचाला चाळीस ताणा आणि चाळीस बाणा धरला तर एक चौरस वार कापडाला २८८० वार सूत लागते, म्हणजे दोन वारांना पावणेसात गुंड्या. तूट-फूट धरून आठ. आठ गुंड्यांचे ५१२० तार. दिवस १२१. भागाकार केला तर रोजचे बेचाळीस तार आणि वर थोडेसे. बेचाळीस तार म्हणजे काय मोठेसे? मी त्या रात्री स्वस्थ झोपलो.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात माझे अकरा तार झाले.

त्यांतले चार असे होते की त्यांना सूत म्हणण्यापेक्षा सुतळी म्हणणे बरे. पेळूतून धागा ओढायचा तो डाव्या हाताच्या चिमटीला कळावा लागतो, डोळ्यांना नव्हे, हे समजायलाच आठवडा गेला. आमच्याकडे पुण्याहून आणलेले पाच पेटी चरखे होते, बाकी सगळ्या टकळ्या. या पेटी चरख्याला येरवडा चक्र असेही म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातील येरवड्याच्या तुरुंगात असताना, १९३० साली, गांधीजींनी त्यावर बरेच प्रयोग केले होते. चिटणीस असल्यामुळे मला चरखा लगेच मिळाला (हाही एक अन्यायच, पण तो आता नोंदवून काय उपयोग?). पण चरखा मिळाला म्हणून हात मिळतो असे नाही. माळ घसरायची, चाती वाकायची, आणि ती सरळ करण्यात अर्धा तास संपायचा.

पहिल्या वीस दिवसांत ८४० तार व्हायला हवे होते, झाले १९०. मग दिवाळीची सुटी आली. सुटीत रोज तासभर बसून भरून काढू असे ठरवले. सुटीत काय काय भरून निघते ते आपणा सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर संपला तेव्हा साठ दिवस होऊन गेले होते आणि माझ्या खात्यात ६१० तार होते. उरलेले ४५१० तार ६१ दिवसांत काढायचे तर रोजचे चौऱ्याहत्तर. बेचाळीस जमले नाहीत त्या माणसाला आता चौऱ्याहत्तर काढायचे होते. सावकाराच्या व्याजासारखा हा आकडा वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर माणूस चरख्याकडे पाहायचेच टाळतो. मी तीन दिवस आजारी असल्याचे सांगितले. आजारी नव्हतो.

ज्या शनिवारी फलकावर आकडे लिहायचे होते त्याच्या आदल्या रात्री आमची आजी माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही मेंढरेवाले. आता घरात मेंढरू नाही, पण आजीचा जन्म लोकर कातण्यात गेलेला. मेंढरे कातरली की लोकर पिंजायची, कातायची, आणि त्या सुताची घोंगडी विणून घ्यायची. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात तेव्हा घरभर जो वास सुटतो त्याची आठवण ती अजून सांगते. कापूस तिने कधी कातला नव्हता. माझी टकळी तिने उचलली, दोनदा धागा तुटला, तिसऱ्यांदा तुटला नाही. मग ती बोलत राहिली आणि टकळी फिरत राहिली. चार-पाच रात्रींत गप्पा मारता मारता तिने दोन लट्या काढल्या. माझ्यापेक्षा एकसारख्या.

"लेका, हाताला जेवढं येतंय तेवढंच वढावं," ती म्हणाली. "तू मनगटाच्या म्होरं वढतुयास. म्हनून तुटतंय."

ती धाग्याविषयी बोलत होती. मी त्या दोन लट्या, म्हणजे ३२० तार, माझ्या नावावर लिहिले. फलकावर माझ्यासमोर ९३० हा आकडा चढला. चिटणिसाची लाज राहिली.

हा माझा खोटा आकडा. तो सांगून झाला. परंतु एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. एक विद्यार्थी खोटे लिहितो त्यात त्याचेच नुकसान, असे म्हणून सोडून देता आले असते. त्याच फलकामुळे दुसऱ्याचे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे.

बावीस नावांत एक नाव द्वितीय वर्षातील एका मुलीचे होते. ती नीरेकाठच्या एका वस्तीवरून एस. टी. ने येते. पहाटे उठून धारा, भाकऱ्या, धाकट्या भावाची शाळा, मग गाडी. आई दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते, म्हणून शेवटच्या तासाला ती खिडकीजवळ बसते. सूतकताईला तिला मधल्या सुटीतली पंधरा मिनिटे मिळत, तीही रोज नव्हे. तीन आठवडे ती आली. पहिल्या शनिवारी तिच्यासमोर ३८ लिहिले, दुसऱ्या शनिवारी ७१, तिसऱ्या शनिवारी ९६. चार गुंड्यांच्या हिशेबाने आठवड्याला १४८ तार हवे होते. फलकावर मी आकड्यांच्या उतरत्या क्रमाने नावे लावत असे, कारण त्यामुळे चुरस वाढते असे कोठेतरी वाचले होते. तिचे नाव तीनही शनिवारी सर्वांत खाली आले. चौथ्या आठवड्यात ती आली नाही, आणि पुढेही आली नाही.

तिचे सूत मी हातात घेऊन पाहिले ते ती गेल्यानंतर. आमच्या बावीस जणांत तसे सूत कोणाचेच नव्हते. बारीक, गोल, पीळ सारखा, कोठे गाठ नाही. माझ्या एका लटीच्या वजनात तिच्या दोन लट्या बसल्या असत्या. फलकाला ते ठाऊक नव्हते.

डिसेंबरात एकदा स्टँडवर ती भेटली. का येत नाहीस, असे मी विचारले. अभ्यास असतो, ती म्हणाली. मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "बोर्डावर शेवटून पहिलं नाव कुणाचं असायचं, आठवतंय का तुला? तूच लिहीत होतास." तेवढ्यात गाडी आली.

इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे, ही चूक आपणच पहिल्यांदा केली की काय, हे शोधण्याची मला बुद्धी झाली. आपण पहिले नाही, आणि आपल्यापूर्वी ज्यांनी केली ते आपल्यापेक्षा फार मोठे होते, हे कळून थोडा धीर आला.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजी अध्यक्षस्थानी बसले असे हे एकच अधिवेशन. त्यात ठरले की काँग्रेसचे सभासद व्हायचे तर दरमहा २००० वार सूत द्यायचे. २००० वार म्हणजे १५०० तार, म्हणजे रोजचे पन्नास. गांधीजींचा हिशेब असा की रोज अर्धा तास कातले की पुरे. माझ्या बेचाळीस तारांसारखाच तोही कागदावर अगदी सोपा होता. वकील, व्यापारी, शेतकरी, संपादक, सर्वांना एकच माप. गंमत अशी की त्याच ठरावात एक पळवाटही ठेवली होती. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच कारणाने ज्याला स्वतः कातता येणार नाही त्याने तेवढेच सूत दुसऱ्याकडून कातून घेऊन द्यावे. अनिच्छा हे कारण ठरावात लिहिलेले वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग आजीच्या दोन लट्या आठवून गप्प बसलो. मला निदान तशी सवलत नव्हती. ज्यांना होती त्यांनी ती वापरली असल्यास नवल नाही.

ही अट वर्षभरही टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती सैल करण्यात आली, आणि सूत किंवा पैसे यांपैकी काहीही चालेल असे ठरले. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच बैठकीच्या वेळी जे दुसरे घडले ते. अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि त्याने सभासदांचे दोन वर्ग केले. 'अ' वर्गाने दरमहा १००० वार द्यायचे, 'ब' वर्गाने वर्षाला २००० वार. एकाला रोजचे पंचवीस तार आणि दुसऱ्याला रोजचे चारच. दोघेही सभासद. कमी कातणाऱ्याला संघाने दाराबाहेर ठेवले नाही, त्याच्यासाठी वेगळे दार केले. बेळगावच्या अपयशातून नऊ महिन्यांत हे शहाणपण आले. आमच्या समितीला चार महिन्यांत आले नाही.

त्याच वर्षी रवींद्रनाथांनी चरख्यावर टीका केली होती. सगळ्या देशाने एकाच वेळी एकच काम एकाच रीतीने करावे, यात माणसाचे माणूसपण दडपले जाते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा समाज होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. आमचे एक प्राध्यापक वर्गात म्हणाले की या वादात कवी हरला. मला तसे वाटत नाही. गांधीजींनी उत्तर दिले त्यात त्यांनी हेच सांगितले की कवीने काव्य सोडावे, शेतकऱ्याने नांगर सोडावा, असे मी म्हणत नाही, आपापल्या कामाला रोज अर्ध्या तासाची जोड द्या, इतकेच म्हणतो. म्हणजे ज्याचा त्याचा व्यवसाय वेगळा, हे त्यांनाही मान्यच होते. मतभेद उरला तो त्या अर्ध्या तासाचा. आणि माझ्यासमोरचा प्रश्न असा की ज्या मुलीजवळ तो अर्धा तासच नाही तिचे काय?

स्वतः गांधीजी आपल्या कताईत बदल करताना संकोच करीत नसत. १९३२ साली येरवड्याला असताना त्यांचे कोपर दुखू लागले, तेव्हा ते पायाने चालवायच्या मगन चरख्याकडे वळले. कातणे सोडले नाही, आणि जुन्याच रीतीने कातण्याचा हट्टही धरला नाही. चरख्याची गती वाढवण्याचे वेड मात्र त्या काळातही होते. १९२९ साली चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी आणि बाईला त्यावर फारसे न थकता आठ तास काम करता यावे, अशा त्याच्या अटी होत्या. आपल्या किर्लोस्करवाडीतही त्यासाठी एक चरखा तयार झाला. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. लाख रुपयांनीही जी गती आली नाही ती ग्रंथालयाबाहेरच्या फलकाने येईल असे आम्हाला वाटत होते!

मला सर्वांत पटते ती विनोबांची रीत. गांधीजी गेल्यावर विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली. १२ फेब्रुवारी, म्हणजे ज्या दिवशी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले त्या दिवशी, प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची. वर्षाला एक गुंडी, म्हणजे ६४० तार. दिवसाला दोन तारही नव्हेत. लहान मुलाने द्यावी, म्हाताऱ्याने द्यावी, मंत्र्याने द्यावी, आणि कोणीही एकापेक्षा जास्त देऊन मोठे होऊ नये. हे सांगणारे विनोबा स्वतः थोडे कातणारे होते असे कोणी समजू नये. वर्ध्याजवळ नालवाडीला ते रोज तासन्तास कातत आणि कताईच्या मजुरीवर आपले पोट भरते का याचा प्रयोग स्वतःवर करून पाहत होते. त्यांचा स्वतःचा संकल्प डोंगराएवढा, पण दुसऱ्याकडे मागणे एका गुंडीचे. मी याच्या बरोबर उलट केले. स्वतःला न झेपणारा आकडा फलकावर लिहिला आणि दुसऱ्यांना न विचारता चार गुंड्यांच्या रांगेत उभे केले.

आपल्या गावाला हे शिकायला वर्ध्याला तरी कशाला जायला हवे? तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाते ती आपल्या बावड्यावरून. कोणी देहूपासून चालत आलेला असतो, कोणी इंदापुरात सामील झालेला, कोणी आमच्या आजोबांसारखा. ते पूर्वी पंढरपूरपर्यंत जात. गेली तीन वर्षे ते आपल्या चौकात दिंडीत शिरतात, सराटीपर्यंत जातात, सकाळी नीरेचे स्नान पाहतात आणि परत येतात. गुडघे साथ देत नाहीत. पण गळ्यात माळ तीच, टाळ तेच, आणि दिंडीतल्या कोणी त्यांना कधी 'किती कोस चाललात?' असे विचारलेले मी ऐकले नाही. दिंडीला शिस्त नसते असे नाही. क्रम ठरलेला, अभंग ठरलेले, विसावा ठरलेला. फक्त वारकऱ्यांची नावे कोसांच्या उतरत्या क्रमाने कोणी फलकावर लावत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, स्टँडवरच्या त्या भेटीनंतर, मी समितीपुढे सूचना मांडली की फलक पुसावा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत त्याने आपला उरलेल्या दिवसांचा संकल्प लिहावा. तारांतच लिहावा असे नाही. आणि ती चिठ्ठी मोठ्याने वाचावी, कारण पूर्ण गुप्त संकल्प मोडायला फारच सोपा. बराच वाद झाला. एका प्राध्यापकांनी आक्षेप घेतला तो विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, "ज्याने त्याने आपले माप ठरवायचे म्हटल्यावर आळशी माणूस एक तार लिहील. मग सामुदायिक काय राहिले?"

याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आता असे वाटते की आळशी माणूस चार गुंड्यांच्या नियमातही आळशीच राहतो, फक्त तेथे त्याला लपायला जागा मिळते. मीच नाही का लपलो? पण एक तार लिहून तो सर्वांसमोर वाचून दाखवणे वाटते तितके सोपे नाही. समोर बसलेल्यांना आपला दिवस कसा जातो ते माहीत असते. शिवाय एखाद्याचा खरोखरच एक तारच होत असेल, तर तो एक तार आपल्याला नको आहे का? सामुदायिकपणा आकड्यांच्या सारखेपणात नसून एका वेळी एका सतरंजीवर बसण्यात आहे, असे मी मानतो. प्राध्यापक महाशयांना हे पटेल असे नाही. त्यांनी या लेखाला उत्तर द्यावे, पुढील अंकात जागा असेलच.

उरलेल्या तेरा जणांनी त्या दिवशी चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतल्या काही मला अजून आठवतात. एकाने लिहिले, 'रोज दहा मिनिटे, पण मोबाईल दप्तरात ठेवून.' एकीने लिहिले, 'सलग वीस तार न तुटता.' कबड्डीच्या संघातल्या एका धिप्पाड गड्याने लिहिले, 'टकळी खाली न टाकणे.' यावर हशा झाला, पण त्याला टकळी टिकवायला जानेवारी उजाडला, आणि ज्या दिवशी जमले त्या दिवशी चार गुंड्या पुऱ्या करणाऱ्यापेक्षा त्याला जास्त आनंद झालेला मी पाहिला. ज्यांच्या चार गुंड्या आधीच होत आल्या होत्या त्यांपैकी दोघांनी तार वाढवण्याऐवजी अंक वाढवायचे ठरवले. तोपर्यंत त्यांना आपले सूत जाड आहे याची फिकीर नव्हती.

माझी चिठ्ठी अशी होती : 'रोज पंचवीस तार. आजीचे तार वजा.' ती वाचताना कान तापले. पण कोणी फारसे काही म्हणाले नाही. एका मित्राने नंतर हळूच सांगितले की त्याच्याही आकड्यात बहिणीची एक लटी आहे. आणखी कोणाकोणाच्या आकड्यात काय काय होते ते मी विचारले नाही.

जे सोडून गेले होते त्या नऊ जणांकडेही चिठ्ठ्या पाठवल्या. दोघांच्या भरून आल्या, पण ते बसायला आले नाहीत. त्या मुलीची चिठ्ठी कोरीच परत आली. गेलेल्या माणसाला परत बोलावण्यापेक्षा असलेल्याला न घालवणे सोपे, हे आम्हाला उशिरा समजले.

३० जानेवारीला माझे स्वतःचे २०८० तार झाले. तीन गुंड्या आणि एक लटी. पन्नास दिवस रोज पंचवीस असे नेमके नाही झाले, दोनदा खंड पडला, पण चौऱ्याहत्तरच्या भीतीने जसा पडत होता तसा नव्हे. दुसऱ्या दिवशी बसताना मागची बाकी डोक्यावर नसे. सूत अजूनही जाडच आहे. उपरण्याला ते पुरणार नाही. आजोबांना मी तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दुकानाचं हाय की. तुझ्या सुताचं टाळाला गोंडं कर." आजीच्या दोन लट्या वेगळ्या बांधून तिला परत दिल्या. तिने त्या खुंटीला अडकवून ठेवल्या आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कापूस कातायला लोकरीपेक्षा हलका असतो असे सांगते.

पुढच्या वर्षी उपक्रम करायचा की नाही ते जूनमध्ये ठरेल. करायचा झाल्यास, माझी अशी विनंती आहे की फलक लावूच नये. लावायचाच असेल तर नावे वर्णानुक्रमाने लावावीत आणि आकड्याऐवजी ज्याचा त्याचा संकल्प लिहावा. सर्वांसाठी काही एक किमान हवेच असे वाटत असेल तर ते वर्षाला एक लटी ठेवावे. अंक आणि समानता तपासण्याची सोय पहिल्या दिवसापासून करावी. पेटी चरखे चिटणिसांना न देता ज्यांना कमी वेळ मिळतो त्यांना द्यावेत. बसण्याची वेळ एस. टी. च्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवावी. ही शेवटची सूचना समितीतील काहींना हास्यास्पद वाटली. ते गावातच राहतात.

मी आता तृतीय वर्षाचा, त्यामुळे त्या वेळी येथे नसेन. ती मुलगी तृतीय वर्षात असेल. तिचे ९६ तार समितीच्या कपाटात वरच्या खणात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवले आहेत. लटी पुरी व्हायला ६४ तार कमी आहेत. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. नव्या चिटणिसांनी ती परीक्षा संपण्यापूर्वी घेऊन जावी.